‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणजे नेमके काय करा?

गेली बावीस वर्षे मी मुलुंड ते भायखळा आणि परत असा प्रवास धीम्या लोकलच्या महिलांच्या डब्यातून करते आहे. तिघींसाठी केलेल्या बाकावर चौथीने बसायचे हा त्या डब्याचा अलिखित कायदा आहे आणि तो मला मान्य आहे. गेल्या महिन्यात परतीच्या गाडीत दादरला एक वयस्कर बाई चढल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेवंतीची जुडी होती. आमच्या बाकापाशी येऊन त्या म्हणाल्या, “ताई, चार बोटं सरकता का? गुडघा धरलाय माझा.” आम्ही तिघी चार-चार बोटे सरकलो, त्या टेकल्या आणि जुडी मांडीवर उभी धरून बसल्या. कुर्ल्याला खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेतलेली एक मुलगी कशीबशी आत शिरली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, “अ‍ॅडजस्ट करा ना जरा.” चौघींनी खांदे आवळले, एकीची पिशवी मांडीवरून पायाशी गेली, पण जागा काही निर्माण झाली नाही, आणि ती मुलगी दोन बाकांच्या मधल्या अरुंद पट्टीत आमच्या गुडघ्यांना गुडघे लावून थेट भांडुपपर्यंत उभी राहिली. तिचा यात काहीही दोष नव्हता. दिवसभर राबून आलेल्या माणसाला बसावेसे वाटणारच. माझ्या मनात घोळत राहिला तो दोन विनंत्यांमधला फरक. पहिल्या विनंतीत काय करायचे, किती करायचे आणि कशासाठी करायचे हे तिन्ही सांगितलेले होते. दुसरीत यातले काहीच नव्हते, आणि तरीही काहीतरी करण्याची जबाबदारी आमच्यावर येऊन पडली होती.

‘अ‍ॅडजस्ट’ हे इंग्रजी क्रियापद मुंबईच्या मराठीत आता इतके मुरले आहे की त्याला परके म्हणणे हास्यास्पद ठरेल. भाषेत बाहेरचा शब्द आला म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. लोकल, फलाट, बटाटा, साबण हे सगळे बाहेरूनच आले आणि आपल्या घरचे झाले. माझा आक्षेप वेगळा आहे. हा शब्द आपण ज्या रीतीने वापरतो, त्या रीतीत वाक्याचा कर्ता पुसट होतो, कर्म गळून पडते आणि मापाचा प्रश्नच उरत नाही. घरात आणि गाडीत यामुळे होणारे नुकसान माणसे आपसात भरून काढतात. परंतु हीच वाक्यरचना रेल्वे, महापालिका, शासकीय खाती आणि मोठ्या कंपन्या नागरिकांशी वापरू लागतात, तेव्हा ती सार्वजनिक हिताची बाब होते, आणि तिच्याकडे भाषेचा बारीकसारीक प्रश्न म्हणून पाहून चालत नाही.

या शब्दाचे मूळ पाहिले तर आपल्या वापरावर चांगलाच प्रकाश पडतो. लॅटिनमध्ये ‘युक्स्ता’ म्हणजे ‘जवळ, शेजारी’, आणि त्याला ‘अद्’ हा उपसर्ग लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘जवळ आणणे, लगत ठेवणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले. ते जुन्या फ्रेंचमध्ये गेले आणि तिथून इंग्रजीत आले. त्याच ‘युक्स्ता’पासून युरोपातील सरदारांची भाला रोखून घोड्यावरून होणारी झुंज दाखवणारा ‘जाउस्ट’ हा शब्दही निघाला, म्हणजे जवळ येण्याचा एक परिणाम मेळ आणि दुसरा टक्कर असा होऊ शकतो हे त्या मुळातच होते. पुढे फ्रेंच विद्वानांना आणि लेखकांना या शब्दात ‘युस्तुस’ म्हणजे ‘न्याय्य, यथोचित’ हा दुसराच लॅटिन शब्द ऐकू येऊ लागला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही शब्द वेगळे, पण ऐकण्यातल्या त्या गल्लतीने क्रियापदाचे रूप बदलले आणि अर्थही वळला. ‘शेजारी आणून ठेवणे’ याच्या जागी ‘जिथे जसे हवे तिथे तसे बरोबर बसवणे’ हा अर्थ रूढ झाला. आजच्या फ्रेंचमध्ये ‘भर घालणे’ आणि ‘नीट बसवणे’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीने मात्र दुसऱ्याच अर्थाची कास धरली.

म्हणजे या शब्दाला दोन वारसे आहेत, एक जवळिकीचा आणि दुसरा न्यायाचा. कुर्ल्याला चढलेली ती मुलगी नकळत त्याचा सर्वांत जुना, लॅटिन अर्थ वापरत होती: एकमेकींच्या लगत या. मुंबईने हा पहिला वारसा पूर्णपणे आत्मसात केला आहे. रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ नावाची एक संज्ञा आहे. तिचा अर्थ एका चौरस मीटरमध्ये उभे असलेले १४ ते १६ प्रवासी. घरातल्या फरशीवर खडूने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखून त्यात घरातली सगळी माणसे उभी करून पाहिली, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. ‘लगत येणे’ यापेक्षा पुढे जाऊ शकत नाही. दुसऱ्या वारशाचे, ‘जे यथोचित आहे तसे करणे’ याचे काय झाले, हा माझा प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लॅटिनमधील ‘युक्स्ता’ ज्या मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृतातील ‘युज्’ हा धातू आला आहे. लॅटिनमध्ये बैलांच्या मानेवरील जुवाला ‘युगुम’ म्हणतात, संस्कृतात ‘युग’ आणि मराठीत ‘जू’. योग, संयोग, उपयोग, युक्ती हे सारे शब्द त्याच कुळातले. आणि ‘योग्य’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. लॅटिन-फ्रेंच परंपरेत ‘जोडणे’ आणि ‘यथोचित असणे’ यांची गाठ ऐकण्याच्या चुकीतून पडली. आपल्याकडे ती मुळातच बांधलेली आहे. जे नीट जोडले जाते ते युक्त, ते योग्य. ज्या समाजाच्या भाषेत जोडणे आणि योग्य असणे एकाच धातूतून उगवले, त्या समाजाने ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणताना केवळ चिकटून बसण्याचा अर्थ घ्यावा, याचे मला वाईट वाटते.

आता व्याकरणाकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. इंग्रजीत हे क्रियापद दीर्घकाळ मुख्यतः सकर्मक होते. काहीतरी अ‍ॅडजस्ट केले जाई: घड्याळ, तराजू, दुर्बीण, हिशेब, गळपट्टी. माणूस कर्ता आणि वस्तू कर्म. वस्तूला एका ठरलेल्या प्रमाणाशी जुळवायचे, म्हणजे माणसाचे काम सुकर व्हावे. मराठीत या प्रत्येक कृतीला स्वतंत्र क्रियापद आहे. घड्याळ आपण लावतो, तानपुरा जुळवतो, ब्लाऊजची शिलाई उसवून तो सैल करतो, कापड बेततो, चष्म्याची काडी वाकवून बसवतो, सायकलची चेन ताणतो, आणि दिलेली आगाऊ रक्कम बिलातून वळती करून घेतो. या सर्वांत कर्म स्पष्ट आहे. माणसाने स्वतःच परिस्थितीला जुळवून घ्यायचे, हा अकर्मक वापर इंग्रजीत विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या प्रसाराबरोबर फोफावला. ज्याने परिस्थितीशी जुळवून घेतले तो निरोगी आणि ज्याला ते जमले नाही त्याच्यात काही बिघाड आहे, असे मोजमाप त्यातून तयार झाले. या मोजमापाला मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात उघड आव्हान दिले होते. वंशभेद, धर्मांधता, अन्यायी अर्थव्यवस्था अशा काही गोष्टींशी माणसाने कधीही जुळवून घेऊ नये, असे त्यांनी त्याच क्रियापदाचा आधार घेऊन सांगितले.

मराठीत आलेला ‘अ‍ॅडजस्ट करणे’ हा प्रयोग दिसायला सकर्मक आहे, कारण ‘करणे’ला कर्म लागते. पण ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ या वाक्यात कर्म कुठे आहे? ते ऐकणाऱ्याने स्वतःच्या शरीरातून, वेळेतून किंवा हक्कातून शोधून काढायचे असते. हुकूम द्यायचा, पण कशाबद्दलचा ते सांगायचे नाही, अशी ही रचना आहे.

वस्तू माणसाला जुळवायची की माणूस वस्तूला, हा वाद मुंबईत एकदा खरोखर रस्त्यावर आला होता, आणि तोही घड्याळावरून. या शहराची स्वतःची वेळ होती. ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे असलेली ‘मुंबई वेळ’ इथल्या सूर्याला धरून होती. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे करायची होती. शासनाच्या दृष्टीने हा काट्यांचा किरकोळ फेरफार होता. गिरणीतल्या कामगाराच्या दृष्टीने मात्र भोंगा ३९ मिनिटे आधी वाजणार होता, म्हणजे अंधारात उठून अंधारात चालत जायचे होते, कारण सूर्य काही प्रमाणवेळेप्रमाणे लवकर उगवणार नव्हता. त्या जानेवारीतच गिरणीकामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबवले. शहरातील प्रतिष्ठितांनी सभा घेतल्या, आणि महापालिकेने तर पुढे १९५० च्या दशकापर्यंत आपल्या कारभारात जुनीच वेळ पाळली. एकसमान वेळ देशाला आवश्यक होती, हे मी नाकारत नाही. रेल्वे आणि तार यांचे काम त्यावाचून अडत होते. तरीही त्या विरोधातला प्रश्न अचूक होता असे मला वाटते. घड्याळाचा काटा सरकवल्यावर कुणाच्या झोपेतून ३९ मिनिटे जाणार आहेत, हे त्या माणसांनी नेमके मोजले होते. त्याच शहरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांना संघटित करून १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली, तेव्हा माणसांना यंत्राच्या वेळापत्रकात बसवण्याऐवजी यंत्राचे वेळापत्रक माणसांना जुळवून घ्यावे लागले होते. ‘अ‍ॅडजस्ट’ या क्रियापदाचा मूळ सकर्मक अर्थ त्या एका रविवारात जितका स्पष्ट दिसतो, तितका मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

या शब्दाचा दुसरा, न्यायाचा वारसा आजही काटेकोरपणे जपणारा एक व्यवसाय आहे, आणि मुंबईसारख्या बंदराच्या शहराला तो परका नाही. सागरी विम्यात ‘अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टर’ नावाचे तज्ज्ञ असतात. लंडनमध्ये त्यांची संघटना १८६९ साली स्थापन झाली. तत्त्व मात्र त्याहून फार प्राचीन, ऱ्होड्स बेटाच्या सागरी कायद्याच्या नावाने रोमन कायद्यात नोंदवलेले आहे. वादळात जहाज वाचवण्यासाठी कप्तानाने काही माल समुद्रात फेकला, तर ज्याचा माल गेला त्याने एकट्याने नुकसान सोसायचे नाही. जहाजाचा मालक आणि ज्यांचा माल वाचला ते सर्व व्यापारी आपापल्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात ते नुकसान वाटून घेतात. २०२१ साली सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज अडकल्यावर त्याच्या मालकांनी याच तत्त्वाचा आधार घेतला होता. अ‍ॅडजस्टरचे काम म्हणजे कुणी किती सोसायचे याचा लेखी हिशेब करणे. त्यात प्रत्येकाचे नाव असते, प्रत्येकाचा वाटा असतो, आणि ज्याचे सर्वाधिक वाचले त्याने सर्वाधिक द्यायचे असते. आता मुंबईत हा शब्द ऐकू येतो ते प्रसंग आठवून पाहावेत. ज्याचे आधीच सर्वांत कमी आहे, बहुतेक वेळा त्यालाच अ‍ॅडजस्ट करायला सांगितले जाते.

यावर एक उत्तर नेहमी मिळते, आणि ते मी हलके लेखत नाही. मुंबई उभी आहे ती माणसांच्या सांभाळून घेण्यावर, असे ते उत्तर आहे. हे खरे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतले, रात्रभर चहा केला, कोरडे कपडे दिले. मी त्या रात्री शीवजवळच्या एका अनोळखी कुटुंबाच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणखी सात जणांबरोबर बसून काढली आहे, आणि त्या घरातल्या आजींनी आपली गादी मला दिली होती हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. परंतु त्या कुटुंबाने केले त्याला मराठीत ‘सामावून घेणे’ म्हणतात. या क्रियापदाचा कर्ता ज्याच्याकडे जागा आहे तो असतो. ‘सामावून घ्या’ असे आपण घरमालकाला सांगतो, दारात भिजत उभ्या असलेल्या माणसाला सांगत नाही. ‘अ‍ॅडजस्ट करा’ मात्र दोघांनाही सांगता येते, आणि म्हणूनच बलवानाला ते दुर्बळाच्या गळ्यात घालणे सोपे जाते.

त्या पुराची दुसरी बाजूही मराठीत नीट लिहिली गेली पाहिजे. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचा आराखडा, ज्याला ‘ब्रिमस्टोवॅड’ म्हणतात, १९९३ सालीच तयार झाला होता. त्याला खरी चालना मिळाली ती २००५ च्या पुरानंतर. मधली बारा वर्षे नाल्यांना कुणी जुळवले नाही. दरवर्षी हिंदमाता, मिलन सब-वे आणि शीव इथली माणसे गुडघाभर पाण्यातून जात जुळवून घेत राहिली. २६ जुलैचा पाऊस कोणत्याही नाल्याला पेलला नसता, हे उघड आहे. पण त्या बारा पावसाळ्यांतला प्रत्येक पाऊस तसा नव्हता. माणसांच्या सोशिकपणाचे कौतुक जितके मोठ्याने होते, तितका आराखडा धूळ खात पडून राहणे सोपे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. पूल अपुरा पडतो अशा प्रवाशांच्या तक्रारी त्याआधीपासून होत्या. रोज हजारो माणसे त्या जिन्यावर खांद्याला खांदा लावून, पाऊल उचलण्याइतकीही मोकळीक नसताना, शिस्तीने वरखाली करत होती, आणि त्यांनी रोज जमवले म्हणून पूल चालतो आहे असे मानले जात होते. त्यानंतर लष्कराच्या मदतीने तिथे नवा पूल उभारण्यात आला आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. पाच महिने. दुर्घटनेनंतर पाच महिन्यांत जो पूल उभा राहू शकतो, तो दुर्घटनेच्या आधी का उभा राहिला नाही, याचे एक उत्तर मला या क्रियापदात दिसते. प्रवासी अ‍ॅडजस्ट करत होते. पुलाला अ‍ॅडजस्ट करण्याची गरज कुणाला भासली नव्हती.

फलाटांचेही तेच. उपनगरी स्थानकांवरचे अनेक फलाट गाडीच्या दारापेक्षा बरेच खाली होते. मधल्या फटीत पडून माणसे मेली, कित्येकांनी हातपाय गमावले. उच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातल्यानंतर, २०१४ पासून, फलाटांची उंची सुमारे ९० सेंटिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम नेटाने हाती घेतले गेले. आज म्हातारी माणसे त्या दारातून जितक्या सहज बाहेर पाऊल टाकतात, तितके ते सहज नव्हते. पूर्वी ‘सांभाळून उतरा’ असे माणसांना सांगितले जायचे. मग सिमेंट घालून फलाट वर उचलला. हा या क्रियापदाचा योग्य वापर. आणि ‘योग्य’ हा शब्द मी इथे त्याचे मूळ ध्यानात ठेवून वापरते आहे.

शासकीय मराठीत ‘अ‍ॅडजस्टमेंट’ला ‘समायोजन’ हा प्रतिशब्द आहे. तोही ‘युज्’पासूनच बनलेला, त्यामुळे कुळाच्या दृष्टीने अगदी चपखल. पण त्याचा वापर पाहावा. ‘अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन’ हे शीर्षक महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाने वाचलेले असते. एखाद्या शाळेतली पटसंख्या घटली की तिथला शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे दुसऱ्या शाळेत ‘समायोजन करण्यात येते’. ‘करण्यात येते’ या प्रयोगात करणारा दिसत नाही, आणि ‘समायोजन’ या नामात शिक्षक ही एक जागेवर बसवायची वस्तू होते. वीस वर्षे परळच्या मराठी शाळेत शिकवलेल्या माझ्या एका मैत्रिणीला अशा पत्रावर दुसऱ्या टोकाच्या उपनगरात जावे लागले. पटसंख्या का घटली, मराठी शाळा का ओस पडत आहेत, याचे विवेचन त्या पत्रात असणे शक्य नव्हते. पण ‘आम्ही आपली बदली अमुक शाळेत करीत आहोत’ एवढे साधे वाक्य तरी शक्य होते. त्या वाक्याला कर्ता आहे, म्हणून त्याला जाब विचारता येतो.

लग्न झालेल्या मुलींना हा शब्द सांगितला जातो, त्याबद्दल थोडे लिहिते, कारण तिथे शब्दांची अदलाबदल सर्वांत खोलवर झालेली मला दिसते. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका म्हणायच्या, “सोसावं लागतं गं.” आईच्या पिढीतल्या म्हणायच्या, “मुरड घालावी लागते.” आता सुशिक्षित घरांत सांगतात, “थोडं अ‍ॅडजस्ट करायला शिक.” वरवर पाहता ही प्रगती वाटते. परंतु ‘सोसणे’ या शब्दात वेदना उघड होती. तो उच्चारणारी बाई अन्याय आहे हे मान्य करूनच बोलत होती. ‘मुरड घालणे’ यात निदान हे स्पष्ट होते की वाकवली जाते आहे ती तिची स्वतःची इच्छा. ‘अ‍ॅडजस्ट करणे’ ऐकायला एखादे कौशल्य वाटते, जणू टायपिंग किंवा पोहणे. आणि ज्याला कौशल्य म्हटले, ते ज्याला जमले नाही तो कमी पडला असा अर्थ आपोआप निघतो. ज्या मुलीला नोकरी सोडायला सांगितली जाते आहे, तिला कुणी ‘नोकरी सोड’ असे सरळ म्हटले तर ती ‘का?’ असे विचारू शकते. ‘अ‍ॅडजस्ट कर’ म्हटल्यावर तिने काय विचारायचे? नवऱ्यालाही हेच सांगितले जाते का, हा प्रश्न त्या खोलीत सहसा कुणी काढत नाही. आणि दोघांनी दोन-दोन पावले मागे यावे असे खरोखर म्हणायचे असेल, तर त्यासाठी ‘तडजोड’ हा नेटका शब्द आपल्याकडे आहेच, कारण तडजोडीला दोन पक्ष लागतात.

यावर कुणी म्हणेल की शब्द बदलल्याने वास्तव बदलत नाही. शब्दाने नाला रुंद होत नाही, हे कबूल. पण नाला रुंद करण्याची मागणी वाक्यातच करावी लागते, आणि ज्या वाक्याला कर्ता, कर्म आणि माप नाही त्यातून मागणी तयार होत नाही. म्हणून माझे दोन आग्रह आहेत. सार्वजनिक संस्थांनी मराठीतून काढलेल्या प्रत्येक सूचनेत, पत्रात आणि उद्घोषणेत कोण, काय, किती आणि केव्हा करणार हे क्रियापदातून दिसले पाहिजे. राजभाषेच्या धोरणात मराठी किती टक्के वापरली याइतकेच हेही तपासले जावे. आणि नागरिक म्हणून आपण ‘अ‍ॅडजस्ट’ ऐकले की तिथल्या तिथे त्याचे मराठी करून विचारावे: सरकू, सोसू, वळते करू, सामावून घेऊ, की सोडून देऊ? यातले नेमके काय हवे आहे, ते सांगणाऱ्याला सांगावे लागेल.

हे मी स्वतः करून पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी एका सेवेच्या बिलाची रक्कम माझ्या खात्यातून दोनदा कापली गेली. कंपनीला दूरध्वनी केला, तेव्हा अत्यंत सौजन्याने उत्तर मिळाले, “मॅडम, पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट होऊन जाईल.” पुढच्या बिलात काही झाले नाही. पुन्हा दूरध्वनी, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या महिन्यातही तेच. बोलणारी मुले प्रामाणिक होती, पण ‘होऊन जाईल’ या क्रियापदामागे कुणीही उभे नव्हते. अखेर मी मराठीत चार ओळींचे पत्र लिहिले: माझ्याकडून दोनदा घेतलेल्या रकमेपैकी आपण किती रक्कम, कोणत्या बिलातून आणि कोणत्या तारखेला वळती करणार आहात, हे कृपया कळवावे, आणि ते कळवणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम लिहावे. नऊ दिवसांनी उत्तर आले. त्यात रक्कम होती, बिलाचा महिना होता, तारीख होती, आणि खाली पदनामासह सही होती.